गुडघ्यात उरलेली एक मॅच

कोऱ्हाळे बुद्रुकच्या हिंदुराव पाटकऱ्याची शिस्त अशी, की एकदा म्हणे ऐन श्रावणात ढग भरून आला, तर हा गडी बांधावर उभा राहून आभाळाला म्हणाला, "आज खालच्या अंगाची बारी हाय, पुढं सरक." आणि ढग गुमान इंदापूरकडं निघून गेला. ज्यांनी हे डोळ्यांनी बघितलं ते सगळे वारले, त्यामुळं खोटं म्हणायलाही आता कुणी उरलेलं नाही.

ढगाचं सोडा, पण कालव्याचं तंतोतंत खरं. पाटबंधारे खात्यात हिंदुरावनं उभी हयात पाणी वाटण्यात घातली. कुणाच्या रानाला कधी पाणी सोडायचं, ते पाटकरी बघतो. आणि पाणी म्हटलं की पाठचा भाऊ टाळक्यात फावडं घालायला कमी करत नाही. हिंदुरावचा कायदा एकच. आधी टेलला, मग हेडला. पाटाच्या शेवटाला जो बसलाय त्याचं रान भिजल्याशिवाय पाटाच्या तोंडाशी बसलेल्याला थेंब मिळणार नाही. त्याचा स्वतःचा सासरा तोंडाशी होता. एका उन्हाळ्यात सासऱ्याचा ऊस वाळून चिपाड झाला, पण जावयानं पाटाचं दार उचललं नाही. त्या वर्षी त्याच्या बायकोला, सरुबाईला, माहेरची चोळी आली नाही. आता नातवंडं झाली, तरी वाढताना ती अजून म्हणते, "थांबा, आधी टेलला वाढते," आणि नवऱ्याचं ताट शेवटी भरते.

नोकरी संपली की माणसं देवाधर्माला लागतात. हिंदुराव फुटबॉलला लागला, गावचा संघ चालवायला.

कोऱ्हाळ्यात फुटबॉल आला तो कालव्यातूनच. हिंदुराव आणि त्याचा जिवाभावाचा दोस्त कुंडलिक चड्डीत होते तेव्हाची गोष्ट. कुठल्या साहेबाच्या पोराचा चेंडू वरच्या अंगाला पाण्यात पडला असेल, तो वाहत वाहत आला आणि गावच्या दाराला अडकला. पोरांना वाटलं कलिंगडाची नवी जात आहे. एकजण विळा आणायला पळालासुद्धा. तेवढ्यात कुंडलिकनं त्याला लाथ घातली, आणि ते कलिंगड उसावरून पलीकडं गेलं. तेव्हापासून गावात क्रिकेटवाले निराळे आणि हे निराळे.

कुंडलिकच्या त्या लाथेचं काय सांगावं! भर हंगामात एकदा त्यानं मारलेला चेंडू उसाच्या चालत्या ट्रॉलीत जाऊन पडला, मोळ्यांबरोबर कारखान्यावर गेला, वजनकाट्यावर चढला आणि गव्हाणीतून चरकात गेला. त्या सालच्या साखरेला चामड्याचा वास येत होता, असं तालुक्यातली जुनी माणसं शपथेवर सांगतात. हे सगळं अर्थात कुंडलिकनंच पसरवलेलं. कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा तशीच सांगायची म्हणजे त्याला ताटातलं उष्टं खाल्ल्यासारखं वाटायचं.

पण पाय खरा होता. साठी आली तरी कुंडलिक चेंडूजवळ गेला की बाकीचे पळायचं सोडून बघत उभे राहायचे, आपल्या बाजूचेही.

मग उजवा गुडघा बोलायला लागला. आधी जिना चढताना, मग उतरताना, मग नुसतं बसल्याबसल्या. बारामतीच्या डॉक्टरनं फोटो काढला, उजेडात धरला आणि सांगितलं की गादी पार झिजलीय, गुडघा बदलावा लागेल. कुंडलिकनं विचारलं, "त्याआधी खेळू का?" डॉक्टर वैतागून म्हणाला, "खेळा एखादी मॅच, आणि या मग स्ट्रेचरवर."

गावात येईपर्यंत त्याची गोष्ट झाली. पारावर टेकून कुंडलिक सांगत होता, "डॉक्टरनी फोटोत निरखून बघितलं. म्हनला, आत एक मॅच शिल्लक हाय. पुरी. अर्धी न्हाय, दीड न्हाय."

सगळे हसले. हिंदुराव हसला नाही. शिल्लक पाणी म्हटलं की त्याला हसू येत नसे.

कारण पुढचं त्याला माहीत होतं. कुंडलिकची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. पोरगा राजवर्धन पुण्यात कंपनीत, हडपसरला पाचव्या मजल्यावर राहायला. गुडघा पुण्यातच बदलायचा आणि मग कुंडलिकनं तिकडंच राहायचं, असं ठरलं होतं. रान पुतण्याला वाट्यानं दिलं, म्हैस विकली. उरली होती ती एक मॅच, आणि ती कुठं खर्चायची हेही सगळ्या गावाला ठाऊक होतं. इंदापूरला पन्नाशी ओलांडलेल्यांची स्पर्धा भरली होती. शनिवारी उपांत्य सामना, रविवारी अंतिम. अंतिमला इंदापूरच्या मास्तरांचा संघ येणार हे धरलेलंच होतं. या मास्तरांनी कोऱ्हाळ्याला मागच्या खेपेला हरवलं होतं, आणि वर भाषणही केलं होतं.

शुक्रवारी दिवस कलायच्या आत दोघं कालव्याच्या पुलावर बसले होते. खाली पाणी संथ चाललेलं. हिंदुरावनं विषय काढला.

"उद्या तू बस."

"कुठं?"

"बाकावर. भिगवणचे मासेवाले हायत समोर. पोटं बघितलीस का त्यांची? तुझ्याबिगर निघंल मॅच. रविवारी तुला सोडतो, पुरा."

कुंडलिकनं एक खडा पाण्यात टाकला. "रविवार कुणी बघितलाय, पाटकरी?"

"मी बघितलाय."

"मग अर्धा घंटा तरी सोड उद्या. पाय मोकळा करतो."

"येडा हाईस का? थोडं थोडं पाणी सोडलं तर काय होतं? पाटच पिऊन टाकतो. टेलला पोचतच न्हाय. सोडायचं तर दाबून सोडायचं, एकदाच."

"मी कालवा न्हाय रं."

"तू कालव्यापेक्षा वंगाळ. कालव्याला निदान दार असतंय."

कुंडलिकनं दुसरा खडा उचलला, पण टाकला नाही. मग तो म्हणाला, "बरं. तू म्हनशील तसं. पर हिंदुराव, लय जपून ठिवू नको. माझ्या आईनं लग्नातला शालू असाच जपला हुता. कसरीनं नेसला."

"कसर लागू देत न्हाय," हिंदुराव म्हणाला, आणि त्याला ते मनापासून खरं वाटत होतं.

शनिवारी पिकअपमधून संघ निघाला. काटेवाडी मागं पडली, भवानीनगर गेलं, निमगाव केतकीला पानं खाल्ली. कुंडलिकनं गुडघ्याला पट्टा बांधला होता आणि बूटही घातले होते. कुणीतरी म्हणालं, "खेळायचं न्हाय तर बूट कशाला?" तो म्हणाला, "पोरगी बघायला जाताना टोपी घालतोस ती काय ऊन लागतंय म्हनून?"

संघ चालवायची हिंदुरावची रीत कालव्याचीच होती. ज्याला हंगामात सगळ्यात कमी खेळायला मिळालं तो टेल. त्याला आधी आत सोडायचं. स्पर्धेचा नियम असा, की तीन गडी बदलता येतात, आणि बाहेर आला तो परत आत जात नाही. हिंदुरावनं तिन्ही बाऱ्या आदल्या आठवड्यातच लावून ठेवल्या होत्या. त्यातली शेवटची विजयसिंहाची. हा विजयसिंह डेअरीवर दूध घालणारा, सालस, गोल, आणि नशिबाचा फुटका. हंगामात त्याची बारी आली की काहीतरी निघायचं. एकदा म्हैस व्याली, एकदा मेहुणा पडला, एकदा पंचच आला नाही. या खेपेला त्याची बायको बनाबाई भाकऱ्यांचं गठुडं घेऊन इंदापूरला आली होती. "लग्नाला एवढी वर्षं झाली, ह्यास्नी पळताना एकदा तरी बघते," म्हणत.

सामना सुरू झाला तो हिंदुरावच्या मनासारखा. मासेवाल्यांचा कप्तान गेणू, उजनीच्या पाण्यावर हयात काढलेला माणूस, जमिनीवर पळताना होडीत असल्यासारखा डुलत होता. कोऱ्हाळ्यानं पहिल्या अर्ध्यातच गोल केला. हिंदुरावनं कुंडलिककडं बघून बोट वर केलं: बघ, बोललो होतो का नाही? कुंडलिकनं टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. पण त्याचा उजवा पाय बाकाखाली आपला आपण हलत होता, झोपेत कुत्र्याचा हलतो तसा.

दुसऱ्या अर्ध्यात हिंदुरावनं ठरल्याप्रमाणं पहिला गडी बदलला, मग दुसरा. दोघेही टेलचे. आणि तिथून पाणी फिरलं. गेणूनं पाठीवर पडता पडता कसा कोण जाणे पाय लावला आणि चेंडू जाळ्यात गेला. मासेवाल्यांनी असा गलका केला की उजनीतले रोहित पक्षी उठले असतील.

बरोबरी झाली. वेळ थोडा उरला होता, बदली एक.

कुंडलिक उठला. पट्टा घट्ट केला, बुटाची नाडी सोडून परत बांधली, आणि रेषेजवळ येऊन उभा राहिला. प्रेक्षकांत चुळबुळ झाली. "आला, आला, कुंडलिक आला," असं कोणी तरी म्हणालंही. तिकडं गेणूनं आपल्या माणसांना मागं बोलावलं.

दुसऱ्या बाजूनं विजयसिंह उठला. त्याची बारी होती आणि ती त्याला ठाऊक होती. कुंडलिकला बघून तो थबकला. मागून बनाबाईचा आवाज आला, "आवं, उभं का? जावा की! म्हशीमागं पळता तसं पळा!"

विजयसिंह हळूच हिंदुरावला म्हणाला, "तात्या, कुंडलिकआबा जाऊ देत. मी काय, पुढल्या साली."

एवढं म्हणायला नको होतं. तो भांडला असता, तर हिंदुरावनं कदाचित कुंडलिकला सोडला असता. पण ज्यानं 'राहू द्या, पुढल्या खेपेला' म्हटलं, अशा माणसाचं पाणी हिंदुरावनं आयुष्यात कधी दुसऱ्याला दिलं नव्हतं. टेलचे लोक असेच बोलतात. तोंडाशी बसलेले दांडगे लोक तेच धरून वर्षानुवर्षं त्यांचं पाणी पितात. हिंदुरावच्या डोळ्यांपुढं वाळलेली रानं आली, दार धरून उभा असलेला सासरा आला. आणि त्यात हेही होतं, की कुंडलिक उद्यासाठी आहे. आज पेनल्टीवर गेलं तरी निघेल. उद्या दाबून सोडायचा.

त्यानं कुंडलिककडं बघितलं. कुंडलिक त्याच्याकडं बघत नव्हता, मैदानाकडं बघत होता.

"बारी विजयसिंहाची," हिंदुराव म्हणाला.

कुंडलिकनं मान हलवली. विजयसिंहाच्या पाठीवर थाप मारली. "जा. डावीकडचा त्यांचा गडी दमलाय, त्याच्या अंगावर जा." आणि तो बाकावर येऊन बसला.

विजयसिंह वाईट खेळला असता तर सोपं झालं असतं. तो चांगला खेळला. धापा टाकत, लाल होत, डावीकडच्या दमलेल्या गड्याच्या अंगावर गेला. पण गोल झाला नाही, वेळ संपली, आणि पंचानं पेनल्टीचा इशारा केला.

आता जे आत होते तेच मारणार. ज्या पायानं चाळीस वर्षांत पेनल्टी चुकवली नव्हती, तो पाय रेषेच्या बाहेर, बाकाखाली होता.

मासेवाल्यांचा गोली म्हणजे हातातून जिता, निसरडा वाम मासा सुटू न देणारा माणूस. त्याला कोरडा चेंडू काय जड? कोऱ्हाळ्याचे दोन फटके त्यानं असे धरले, की वाटावं, आता टोपलीत टाकतो आणि तोलून देतो. विजयसिंहाचा तेवढा गेला, कोपऱ्यातून, झकास. बनाबाईनं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवली. तिच्या अंगात ही कला आहे, हे विजयसिंहालाही तेव्हाच कळलं. पण बाकीच्यांनी घालवलं होतं. गेणूनं शेवटचा फटका मारला, आणि कोऱ्हाळ्याचा रविवार संपला.

गडी गवतावर बसले. कोणी कुंडलिककडं बघेना. कुंडलिकच सगळ्यांकडं जाऊन, हात धरून उठवत होता. "उठा रं. मयताला बसल्यासारखं काय बसता? मासेवाल्याकडनं हरलाय, निदान माशाची भाजी तरी मागा."

हिंदुराव मांडवाकडं पळाला. संयोजक फेटे मोजत होता. "साहेब, तिसऱ्या नंबराची मॅच? उद्या सकाळी? आमी येतो, कितीबी वाजता सांगा."

"तात्या, तिसरा नंबर न्हाय ह्यात. उद्या सत्कारच एवढे हायत की अंतिम सामना कुठं घुसवावा ते कळंना."

"अर्धा घंटा द्या. दहा मिनिटं द्या."

"कुणासाठी एवढं?"

हिंदुराव मागं वळला. एका गुडघ्यासाठी, असं म्हटलं असतं तर संयोजक हसला असता.

तो परत आला तेव्हा मैदान रिकामं होत आलं होतं. कुंडलिक बाकावर होता. बूट, पट्टा, सगळं तसंच. हिंदुरावनं कुठून तरी चेंडू आणला होता.

"चल," तो म्हणाला. "ऊठ. मी गोलात हुबा ऱ्हातो. मार तू."

कुंडलिक चेंडूकडं बघत राहिला.

"चल की. पाहिजे तितक्या मार. गडीबी येतील, मी बोलवतो. आपल्यातच खेळू."

"आपल्यातलं कोऱ्हाळ्यातबी खेळलो असतो की, हिंदुराव. मॅच म्हंजे समोर हरवणारा कुणीतरी पायजे. बघणारं पायजेत, शिव्या देणारं पायजेत. न्हायतर नुसतंच म्हातारं चेंडू लाथाडतंय." त्यानं वाकून नाडी सोडायला घेतली. गुडघा वळेना. हिंदुराव खाली बसला आणि त्यानं दोन्ही बूट काढून दिले. पट्टाही सोडला. गुडघा गार होता. दिवसभर त्याच्यावर काही भार पडलाच नव्हता.

"चुकलं माझं," हिंदुराव म्हणाला.

"विजयसिंहाची बारी हुती."

"व्हय."

"मग चुकलं काय त्यात?" कुंडलिक म्हणाला. आणि पट्टा गुंडाळता गुंडाळता, "पर चुकायचं हुतंस रं एकदा."

रविवारी सकाळी हिंदुराव उठला आणि कुंडलिकच्या घराकडं निघाला. राजवर्धन सोमवारी न्यायला येणार होता. हिंदुरावच्या डोक्यात एक होतं. दोघांनी आज सावकाश बसावं, बोलावं. काय बोलावं ते ठरलं नव्हतं. पण दारात गाडी उभी होती. अंतिम सामना नाही म्हटल्यावर पोरगा एक दिवस आधीच आला होता. त्याचं काही चुकलं नव्हतं; त्याला सोमवारची रजा वाचवायची होती.

कुंडलिक पुढच्या सीटवर, पाय लांब करून बसला होता. काच खाली होती.

"निघालास?" हिंदुराव म्हणाला.

"हा म्हनतोय, ट्राफिक लागायच्या आत निघू." कुंडलिकनं गुडघ्यावर हात ठेवला. "आता ह्यो कापनार, काढनार आणि बादलीत टाकनार. मी डॉक्टरला सांगनार हाय, बाबा, जपून टाक. आत एक मॅच हाय. कुत्र्यानं नेलं तर कुत्रं फुटबॉल खेळंल."

राजवर्धन हसला. पुतण्या हसला. हिंदुरावनं गाडीच्या दारावर हात ठेवला, कालव्याचं दार उचलायच्या चाकावर ठेवायचा तसा. मग राजवर्धननं, "येतो, काका," म्हटलं, तेव्हा त्यानं हात काढून घेतला.

गुडघा बदलला त्याच्या पुढच्या आठवड्यात फोन आला. हिंदुराव कालव्याच्या कडेनं चालला होता. पाणी सुटलं होतं, आणि नवा पाटकरी पोरगा मोटारसायकलवरून दारं बघत फिरत होता.

"झालं का रं?" हिंदुरावनं विचारलं.

"झालं. लोखंडाचा घातलाय. आता माझ्यापेक्षा गुडघा जास्त जगंल."

"दुखतंय?"

"दुखनं काय, शेजाऱ्यासारखं हाय. हाय म्हनून बरं वाटतंय." जरा थांबून कुंडलिक म्हणाला, "आरं, डॉक्टरला इचारलं मी. म्हनलं, साहेब, कापल्यावर आत बघितलं का? तर म्हनला, बघितलं की. एक न्हवती, दोन मॅच हुत्या. शनिवारचीबी आणि रविवारचीबी."

आणि तो हसायला लागला. नेहमी हसायचा तसाच, खोकत, दम लागेपर्यंत. मग त्याच्या लक्षात आलं, की इकडून काहीच येत नाही.

"हिंदुराव?"

पाणी चाललं होतं. हिंदुरावनं फोन कानाला धरला होता.

"आरं, चेष्टा केली. पाटकरी? ऐकतोस न्हवं? खरं सांगू का, एकबी न्हवती. डॉक्टर म्हनला, पार पीठ झाल्तं आत. खेळलो असतो तर पहिल्या फटक्यालाच आडवा. तू बसवलंस ते बेस झालं. आयकलं का? बेस केलंस तू."

"व्हय," हिंदुराव म्हणाला.

"मग हस की."

"हसतोय."

पाचव्या मजल्यावर कुंडलिकनं फोन ठेवला. हिंदुराव कालव्याच्या कडेला उभा राहिला. कुंडलिकनं आयुष्यात एकही गोष्ट दोनदा तशीच सांगितली नव्हती, आणि आता या दोन्हींतली खरी कोणती, हे हिंदुरावला डॉक्टरकडं विचारता आलं असतं. डॉक्टरचा नंबर राजवर्धनकडं होता. हिंदुरावनं तो कधी मागितला नाही.